बारा हजार नाटकवाल्यांच्या बाई

१९२७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील व्हासर कॉलेजच्या विद्यार्थिनींनी चेकॉव्हची लग्नाच्या मागणीवरची एक छोटीशी प्रहसनवजा एकांकिका एकाच संध्याकाळी तीनदा करून दाखवली. पहिल्यांदा ती वास्तववादी पद्धतीने, म्हणजे चेकॉव्ह जसा करतात तशी झाली. दुसऱ्यांदा अभिव्यक्तिवादी पद्धतीने, मुखवटे चढवून. आणि तिसऱ्यांदा रशियातला मायरहोल्ड ज्या रचनावादाने गाजत होता त्या पद्धतीने, दिवाणखाना पार हटवून, नुसत्या सांगाड्यावर नटांना खेळवत. शब्द तेच, पात्रे तीच, भांडण तेच. पण तीन वेगळी नाटके पाहिल्यासारखे प्रेक्षक बाहेर पडले. कॉलेजातल्या नाटकाकडून त्या काळी कुणी एवढी अपेक्षा करीत नसे. मुलींच्या कॉलेजातल्या नाटकाकडून तर नाहीच. वाढदिवसाला केक करावा तसे वर्षाअखेरीस एक नाटक करायचे, पालकांनी टाळ्या वाजवायच्या आणि पोशाख भाड्याच्या दुकानात परत द्यायचे, हा शिरस्ता होता.

हा शिरस्ता मोडणाऱ्या बाईंचे नाव हॅली फ्लॅनगन. पुढे आठ वर्षांनी अमेरिकेच्या सरकारने देशभरातल्या बेकार नाटकवाल्यांना काम देण्याची जबाबदारी याच बाईंवर टाकली. ब्रॉडवेवरचे निर्माते, नामवंत दिग्दर्शक, नाट्यगृहांचे मालक, या सगळ्यांना वगळून ती एका कॉलेजातल्या प्राध्यापिकेकडे गेली, याचे आश्चर्य तेव्हाही अनेकांना वाटले होते. काहींना रागही आला होता.

हॅली फर्ग्युसन यांचा जन्म २७ ऑगस्ट १८८९ चा, साउथ डकोटातल्या रेडफिल्ड गावचा. बालपण मात्र गेले आयोवातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजच्या गावात, आणि शिक्षणही तिथल्याच ग्रिनेल कॉलेजात. १९११ साली त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या मागच्या वर्गात हॅरी हॉपकिन्स नावाचा एक किडकिडीत मुलगा होता. त्याची आणि हॅलीची ओळख तिथली. या ओळखीला पुढे फार महत्त्व आले.

१९१२ साली मरे फ्लॅनगन यांच्याशी लग्न झाले, दोन मुलगे झाले. चारचौघींसारखा संसार चालेल असे वाटत असतानाच मरे यांना क्षयाने गाठले आणि १९१९ साली ते गेले. त्या काळात तिशीतल्या विधवेला, पदरी दोन मुले असताना, मिळण्यासारखी एकच नोकरी होती, ती मास्तरकीची. हॅलीबाई ग्रिनेलमध्येच शिकवू लागल्या. १९२२ साली मेंदूज्वराने थोरला जॅकही गेला. राहिला धाकटा फ्रेडरिक. या तीन वर्षांविषयी बाईंनी फारसे बोलल्याचे दिसत नाही. पण त्यानंतर त्या ज्या झपाट्याने कामाला लागल्या त्या झपाट्यात काहीतरी मागे टाकण्याची घाई आहे, असे त्यांचे चरित्र वाचताना वाटत राहते. हे चरित्र लिहिले आहे त्यांच्या सावत्र मुलीने, जोआन बेंटली यांनी. त्यामुळे त्यात कौतुक आहे तसे घरात आई कमी दिसल्याचे शल्यही आहे.

बाईंनी लिहिलेली एक एकांकिका स्पर्धेत पहिली आली आणि ती हार्वर्डच्या जॉर्ज पिअर्स बेकर यांच्या नजरेत भरली. बेकर यांची नाट्यलेखनाची कार्यशाळा तेव्हा विख्यात होती. यूजीन ओनील तिथूनच बाहेर पडलेले. १९२३ मध्ये बाई तिथे दाखल झाल्या. नाटक हे वाचायचे वाङ्मय नसून उभे करायचे काम आहे, सुतार, शिंपी, दिवेवाला आणि नट यांच्यात लेखकानेही बसले पाहिजे, हा बेकर यांचा धडा त्यांनी जन्मभर सोडला नाही. १९२५ साली हडसन नदीकाठच्या पकीप्सी गावातल्या व्हासर कॉलेजने त्यांना बोलावले आणि दुसऱ्याच वर्षी गुगनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली. ही पाठ्यवृत्ती मिळालेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. धाकट्या मुलाची व्यवस्था लावून त्या युरोपातली नाटके पाहायला निघाल्या आणि सुमारे वर्षभर हिंडल्या. गॉर्डन क्रेग भेटले, स्तानिस्लावस्की भेटले. पण त्यांना वेड लावले ते मॉस्कोतल्या मायरहोल्डने. तिथे नाटक ही चैन नसून पावाइतकीच गरज समजली जाते, असे त्यांना दिसले. परत येऊन त्यांनी या प्रवासावर पुस्तक लिहिले आणि त्यात रशियाचे मोकळेपणाने कौतुक केले. त्या कौतुकाची किंमत त्यांना अकरा वर्षांनी मोजावी लागली. स्पष्टच सांगायचे तर त्या कौतुकात भाबडेपणा पुष्कळ होता. रंगमंच पाहताना रंगमंचाबाहेर काय चालले आहे, हे त्यांनी पुरेसे पाहिले नाही. ज्या मायरहोल्डवर त्या लुब्ध होत्या, त्याला स्टालिनच्या राजवटीने जून १९३९ मध्ये अटक केली आणि पुढच्या वर्षी गोळी घातली. योगायोग असा, की बाईंचे स्वतःचे काम अमेरिकेच्या लोकप्रतिनिधींनी बंद पाडले तेही त्याच जून महिन्यात. दोन्हींची तुलना करता येत नाही, हे उघड आहे. पण तारखा लक्षात राहतात.

व्हासरमध्ये त्यांचा खाक्या वेगळा होता. नाट्यनिर्मितीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलीने सगळे करायचे. आज नायिका झालेली मुलगी पुढच्या नाटकात दिवे सांभाळायची, पडदे शिवायची, खिळे ठोकायची. पुरुषांच्या भूमिकांचा प्रश्न होताच. तिथे मुलींना मिशा चिकटवण्याऐवजी बाईंनी प्राध्यापकांना आणि गावकऱ्यांना पकडले. कॉलेजचे अध्यक्ष मॅक्क्रॅकन हेही रंगमंचावर उतरले. अध्यक्षच तोंडाला रंग लावून उभे राहिल्यावर खर्चाच्या कागदावर सही कोण नाकारणार? पण इंग्रजी विभागाशी कुरबुरी चालूच असत. नाटकाला अभ्यासक्रमात गुण द्यायचे की तो नुसता छंद समजायचा, हा वाद बाईंना वर्षानुवर्षे पुरला. विद्यापीठात नाटक शिकवणाऱ्या कुणालाही हा वाद अनोळखी वाटणार नाही.

मंदीने देश होरपळत असताना १९३१ च्या मे महिन्यात व्हासरने एक नवे नाटक केले. त्याच वर्षी जानेवारीत आर्कान्सातले दुष्काळाने गांजलेले शेतकरी अन्न मागायला गावात शिरले होते. व्हिटेकर चेम्बर्स या तरुण लेखकाने त्यावर कथा लिहिली होती. बाईंनी आणि त्यांची विद्यार्थिनी मार्गरेट एलन क्लिफर्ड हिने त्या कथेवरून नाटक बेतले, 'कॅन यू हिअर देअर व्हॉइसेस?'. एका बाजूला करपलेली शेते आणि दूध नसलेली मुले. दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधीच्या कन्येच्या सन्मानार्थ नृत्याची मेजवानी. मध्ये पडद्यावर सरकारी आकडे आणि बातम्या झळकायच्या. घटना ताजी, आकडे खरे, नेपथ्य जवळपास नाही. सधन घरांतल्या मुली फाटक्या शेतकरणी होऊन उभ्या राहिल्या. पुढे देशभरातल्या हौशी आणि कामगार नाट्यसंस्थांनी हे नाटक उचलले. चेम्बर्स हे तेव्हा कम्युनिस्ट होते. पुढे तेच कट्टर विरोधक झाले आणि १९४८ साली अल्जर हिसवर त्यांनी केलेल्या आरोपांनी अमेरिका ढवळून निघाली. नाटकावरचा शिक्का मात्र तसाच राहिला.

बाई केवळ प्रचारकी नाटकांच्या होत्या असे मात्र समजू नये. १९३३ च्या मे महिन्यात टी. एस. एलियट यांच्या 'स्वीनी अ‍ॅगोनिस्टीज' या अपुऱ्या पद्यनाट्याचा जगातला पहिला प्रयोग याच कॉलेजात झाला. एलियट स्वतः हजर होते. तोवर ते नाटक रंगमंचावर उभे राहू शकेल असे फारसे कुणाला वाटलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी, १९३४ मध्ये, बाईंनी कॉलेजातलेच ग्रीकचे प्राध्यापक फिलिप डेव्हिस यांच्याशी लग्न केले. तेही विधुर, तीन लहान मुलांचे वडील. घर पुन्हा भरले. आणि बाईंना वॉशिंग्टनहून बोलावणे आले.

ग्रिनेलचा तो किडकिडीत हॅरी हॉपकिन्स आता राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांचा उजवा हात झाला होता. बेकारांना नुसती भीक न घालता त्यांच्या हाताला काम द्यायचे, हे त्याचे धोरण. रस्ते, पूल, शाळा बांधणाऱ्यांबरोबर चित्रकार, वादक, लेखक आणि नट यांनाही तो बेकार कामगारच समजत होता. नट उपाशी राहिला तर त्यालाही भूकच लागते, हा त्याचा साधा हिशेब. बोलपटांनी आणि मंदीने मिळून अमेरिकेतली गावोगावची नाट्यगृहे बंद पाडली होती. अशा हजारो माणसांसाठी 'फेडरल थिएटर' उभारायचे ठरले. हॉपकिन्सला ब्रॉडवेचा धंदेवाईक निर्माता नको होता. नाटक गावोगावी, स्थानिक माणसांच्या हातांनी उभे राहते, हे ज्याला ठाऊक आहे असे माणूस हवे होते. २७ ऑगस्ट १९३५ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवशी, बाईंनी पदाची शपथ घेतली. हे नाटक मोकळे राहील, त्यावर सरकारी कात्री चालणार नाही, असे आश्वासन हॉपकिन्सने जाहीरपणे दिले होते.

नियम जाचक होते. दहातली नऊ माणसे बेकारांच्या सरकारी यादीतूनच घ्यायची. पैसा जवळजवळ सगळा पगारात जायचा, नेपथ्याला आणि पोशाखाला उरेल ते. न्यू यॉर्कमध्ये नटाला आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट मिळत; थोर नटालाही तेवढेच आणि कालपरवाच्या पोराला तेवढेच. यादीत खरे कलावंत होते तसे तोंडाने आग गिळणारे, जादूगार, सर्कशीतले विदूषक आणि आवाज गेलेले गवय्येही होते. या सगळ्यांना घेऊन नाटक करायचे. तिशीच्या दशकात कामगिरी ऐन भरात असताना बारा हजारांहून अधिक माणसे बाईंच्या हाताखाली होती. चार वर्षांहून कमी काळात ६३ हजारांवर प्रयोग झाले, ते सुमारे तीन कोटी प्रेक्षकांनी पाहिले, आणि यातले बहुसंख्य प्रयोग फुकट होते. शाळांत, इस्पितळांत, उद्यानांत, जंगलातल्या मजुरांच्या छावण्यांत. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा हाडामांसाचा नट पाहिला तो इथे.

बाईंचा व्हासरचा पिंड या साऱ्यात दिसत राहिला. कृष्णवर्णीयांची पथके निघाली, यिडिश आणि स्पॅनिश पथके निघाली, कळसूत्री बाहुल्यांची निघाली. एप्रिल १९३६ मध्ये हार्लेमच्या लाफायेट थिएटरात वीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने संपूर्ण कृष्णवर्णीय संचात 'मॅक्बेथ' केले, स्कॉटलंडऐवजी हैतीच्या वातावरणात, ढोलांच्या तालावर. पहिल्या रात्री रस्त्यावर एवढी गर्दी झाली की वाहतूक बंद पडली. त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला सिंक्लेअर लुईसच्या 'इट कान्ट हॅपन हिअर' या हुकूमशाहीविरोधी कादंबरीचे नाट्यरूप देशभर एकवीस ठिकाणी एकाच रात्री उघडले. हे धाडस कुठल्याही व्यावसायिक निर्मात्याच्या स्वप्नातही आले नसते. आणि 'जिवंत वृत्तपत्र' नावाचा प्रकार तर थेट १९३१ च्या त्या नाटकाच्या वंशातला. चालू प्रश्नावर पत्रकारांकडून कागदपत्रे जमवायची आणि त्यांचे नाटक करायचे. शेतीच्या कायद्यावर 'ट्रिपल-ए प्लाउड अंडर', विजेच्या मालकीवर 'पॉवर', झोपडवजा चाळींवर 'वन-थर्ड ऑफ अ नेशन'. या शेवटच्या नाटकाची पहिली मांडणी १९३७ च्या उन्हाळ्यात व्हासरमध्येच झाली. देशभरातून निवडलेले नाटकवाले बाईंनी तिथे नेले आणि कॉलेजातल्या मुलींसारखे त्यांना कामाला जुंपले.

पण सरकारी पैशाचे नाटक सरकारला किती बोलू शकते? याचे उत्तर बाईंना अगदी सुरुवातीलाच मिळाले होते. इटलीने इथिओपियावर केलेल्या आक्रमणावर पहिले जिवंत वृत्तपत्र तयार झाले. जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनहून हुकूम आला, की परदेशाच्या सत्ताधाऱ्याला रंगमंचावर दाखवायचे नाही. न्यू यॉर्कचे प्रमुख, नाटककार एल्मर राइस, यांनी पत्रकारांना रंगीत तालीम दाखवली आणि राजीनामा दिला. बाईंनी राजीनामा दिला नाही. हजारो माणसांचा पगार या कामावर अवलंबून आहे, एका नाटकापायी तो धोक्यात घालायचा नाही, असा त्यांचा विचार. राइस यांचा राजीनामा इतिहासात शोभून दिसतो. पण बाई गेल्या असत्या तर 'मॅक्बेथ' झाले नसते, 'पॉवर' झाले नसते. मला तरी इथे बाईंची बाजू अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोलाची वाटते.

जून १९३७ मध्ये तोच पेच पुन्हा आला, आणि या वेळी त्यांना राखता आले नाही. मार्क ब्लिट्झस्टाइनचे 'द क्रेडल विल रॉक' हे पोलाद कामगारांवरचे संगीत नाटक तयार होते. दिग्दर्शक वेल्स, निर्माता जॉन हाउसमन. काटकसरीच्या नावाखाली सगळे नवे प्रयोग पुढे ढकलण्याचा हुकूम निघाला. बाईंनी वॉशिंग्टनशी भांडून पाहिले, उपयोग झाला नाही. १६ जूनला नाट्यगृहाला कुलूप होते. जमलेले प्रेक्षक आणि नट पायी चालत वीसेक रस्ते ओलांडून व्हेनिस थिएटरात गेले. रंगमंचावर चढायची परवानगी नव्हती. म्हणून ब्लिट्झस्टाइन एकटा पियानोशी बसला आणि नट प्रेक्षागृहातल्या आपापल्या खुर्च्यांतून उठून गाऊ लागले. अमेरिकन रंगभूमीवरची ही सर्वांत गाजलेली रात्र. पुढे हाउसमन आणि वेल्स बाहेर पडले, त्यांनी मर्क्युरी थिएटर काढले. त्यांची कीर्ती वाढली. बाईंच्या खात्यावर बंडखोर ठरल्याचा शिक्का तेवढा जमा झाला.

१९३८ मध्ये मार्टिन डाइस यांच्या अध्यक्षतेखाली देशद्रोही कारवायांची चौकशी करणारी समिती बसली. फेडरल थिएटरवर महिनोन्‌महिने आरोप छापून येत होते. उत्तर देण्याची संधी बाईंनी वारंवार मागितली, ती मिळाली ६ डिसेंबरला. त्यांच्या रशियाच्या प्रवासापासून व्हासरच्या त्या शेतकरी नाटकापर्यंत सगळे उकरून काढण्यात आले. अलाबामाचे सदस्य जो स्टार्न्स यांनी बाईंच्या एका जुन्या लेखात मार्लोचे नाव वाचले आणि हा मार्लो कम्युनिस्ट आहे का, अशी विचारणा केली. बाईंनी शांतपणे सांगितले, की ख्रिस्तोफर मार्लो हा शेक्सपिअरच्या लगेच आधीच्या काळातला सर्वांत थोर नाटककार. सभागृहात हशा पिकला. बोलण्याच्या ओघात स्टार्न्स यांनी युरिपिडीजलाही संशयितांत ओढले. हा किस्सा तेव्हापासून अमेरिकेत चवीने सांगितला जातो. बाईंना मात्र हसू आले नव्हते. आठ हजार माणसांची पोटे त्या टेबलावर होती, हे त्यांना ठाऊक होते. शेवटी निवेदन करायची परवानगी त्यांनी मागितली, तेव्हा समिती जेवायला उठली. नंतरही ती संधी मिळाली नाही.

३० जून १९३९ च्या रात्री फेडरल थिएटर संपले. संसदेने पैसा बंद केला, आणि पूर्ण योजनेचा निधी अडकू नये म्हणून रुझवेल्ट यांना त्या कागदावर सही करावी लागली. न्यू यॉर्कच्या रिट्झ थिएटरात मुलांचे 'पिनोकिओ' चालू होते. त्या शेवटच्या रात्री कलावंतांनी शेवट बदलला. लाकडी बाहुला माणूस झालाच नाही, मेला. प्रेक्षकांदेखत नेपथ्य मोडून टाकण्यात आले.

बाई व्हासरला परतल्या आणि 'अरीना' हे पुस्तक लिहिले. ते १९४० मध्ये आले. त्याच वर्षी फिलिप डेव्हिस गेले. दुसऱ्यांदा वैधव्य आणि पदरी मुले. १९४२ पासून त्या मॅसॅच्युसेट्सच्या स्मिथ कॉलेजात अधिष्ठाता आणि नाट्याच्या प्राध्यापिका झाल्या. तिथे १९४७ साली त्यांनी विद्यार्थिनींना घेऊन अणुशक्तीवर नवे जिवंत वृत्तपत्र रचले. म्हणजे हिरोशिमा होऊन दोनच वर्षे झाली होती, आणि सगळ्या देशाला ज्या विषयावर बोलायची भीती वाटत होती, तो विषय एका मुलींच्या कॉलेजच्या रंगमंचावर होता. पुढे कंपवाताने हात चालेनासे झाले. १९६९ साली न्यू जर्सीतल्या ओल्ड टॅपन गावी त्यांचे निधन झाले, तेव्हा फेडरल थिएटर फारसे कुणाच्या लक्षात नव्हते.

१९७४ मध्ये बाल्टिमोरजवळच्या एका जुन्या विमान हँगरमध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाने वर्षानुवर्षे ठेवून दिलेली खोकी जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या दोन संशोधकांना सापडली. त्यांत हजारो संहिता होत्या, रंगवलेली भित्तिपत्रके, पोशाखांची आणि नेपथ्याची चित्रे, प्रकाशयोजनेच्या वह्या, नटांची छायाचित्रे आणि दर प्रयोगाला किती माणसे आली याच्या बाईंच्या कचेरीने नीट ठेवलेल्या नोंदी.